विद्यापीठाचे खाते आणि वैद्याचे दप्तर

गिरगाव, परळ, लालबाग या भागांत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना पागडीची खोली आणि लिव्ह अँड लायसन्सची खोली यांतील भेद समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पागडीच्या भाडेकरूस महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे संरक्षण आहे. त्याच्या पश्चात घरातील माणसे तेथे राहू शकतात आणि मालकाच्या मनात आले म्हणून दाराला कुलूप लागत नाही. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याने मात्र अकरा महिने भरण्यापूर्वीच बोजा बांधून ठेवलेला बरा. महाविद्यालयाने किंवा विद्यापीठाने आपणांस दिलेले ई-मेलचे खाते या दुसऱ्या प्रकारात मोडते. आपल्यापैकी पुष्कळ अध्यापक वैद्य मात्र त्यात पागडीच्या खोलीप्रमाणे संसार थाटून बसतात. मीही तसाच बसलो होतो.

मी एका शिक्षणसंस्थेत काही वर्षे अर्धवेळ अध्यापक होतो. रुजू होताना संस्थेने तिच्या नावाचे ई-मेल खाते दिले. आमचे गुरुजी त्या काळी ऐंशीच्या घरात होते आणि गिरगावातील आपल्या दोन खोल्यांत बसून शिष्यांना नियमाने पत्रे लिहीत. माझे खासगी खाते त्यांना ठाऊक होते, परंतु "अध्यापकाचा पत्रव्यवहार अध्यापकाच्या पत्त्यावर व्हावा" असा त्यांचा आग्रह असे. त्यामुळे त्यांची सर्व पत्रे त्या खात्यावर येत. पत्रे कसली, चिकित्सेचे पाठच होते ते. आमवाताच्या एका रुग्णास मी सिंहनाद गुग्गुळ चालू केला, त्याचे सविस्तर वृत्त त्यांना कळविले, तर उलटटपाली विचारणा आली की, रुग्ण मृदुकोष्ठ असल्याचे तूच लिहितोस, मग एरंडस्नेहाची वेगळी मात्रा वर कशासाठी? ग्रंथात असे प्रश्न सापडत नाहीत. ते एका विशिष्ट रुग्णासंबंधी, एका विशिष्ट वैद्याला विचारलेले असतात.

२०२२ च्या एप्रिल महिन्यात गुरुजी गेले. जूनमध्ये माझा करार संपला आणि त्यानंतर पंधरवड्याच्या आत खाते बंद झाले. कोणतीही पूर्वसूचना आली नाही. चौकशी केली तेव्हा नियमानुसार कार्यवाही झाली आहे, एवढेच उत्तर मिळाले. नियम असेलही. तो मला कोणी दाखविला नव्हता आणि मीही कधी विचारला नव्हता.

सर्वस्व गेले असे मात्र झाले नाही. लालबागच्या दवाखान्यातील संगणकावर मी पूर्वीच थंडरबर्ड ही आज्ञावली बसवून त्यात संस्थेचे खाते जोडले होते. त्यामागे काही दूरदृष्टी होती असे नाही. ब्राउझरमध्ये पत्र लिहिण्याचा मला कंटाळा येतो, इतकेच. त्या संगणकाच्या डिस्कवर गुरुजींच्या पत्रांच्या प्रती राहिल्या. परंतु आमची इमारत उपकरप्राप्त आहे. जानेवारी २०२२ मध्ये तिची दुरुस्ती निघाली, दवाखान्याच्या छताला टेकू लागले आणि संगणक मे अखेरपर्यंत गोणपाटात बांधून पडला होता. त्या पाच महिन्यांत मी पत्रे मोबाइलवर वाचली आणि मोबाइलवरूनच उत्तरे दिली. दवाखाना पुन्हा सुरू झाला तेव्हा संगणक लावला खरा, परंतु इंटरनेटची जोडणी येईपर्यंत खाते बंद होऊन गेले होते. परिणामी डिसेंबर २०२१ पर्यंतची पत्रे आहेत. गुरुजींच्या शेवटच्या चार महिन्यांची नाहीत.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. खाते उघडेना म्हणून मी संगणकाची कामे करणाऱ्या एका मुलास बोलावले. त्याने तत्परतेने सुचविले, "डॉक्टर, हे खाते काढून टाकू आणि पुन्हा जोडू." तसे केले असते तर खात्याबरोबर डिस्कवरील प्रतीही जाण्याची भीती होती आणि पुन्हा जोडण्यासाठी पलीकडे खातेच उरले नव्हते. मी त्याचा हात धरला म्हणून पत्रे वाचली. बंद पडलेले खाते प्रोग्राममधून कधीही काढू नये. प्रथम त्यातील पत्रांच्या प्रती करून घ्याव्यात, मग काय ते करावे.

ज्यांनी १५ ऑगस्ट १९९५ नंतरची, म्हणजे व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तेव्हापासूनची पहिली काही वर्षे अनुभवली आहेत, त्यांना संगणकावर पत्रे उतरवून घेण्याची पद्धत नवी वाटणार नाही. तेव्हा मोडेमचा तो किरकिरणारा आवाज, घरचा दूरध्वनी अडवून ठेवल्याबद्दल वडीलधाऱ्यांची बोलणी आणि मिनिटामिनिटाला वाढणारे बिल! म्हणून आपण आउटलुक एक्स्प्रेस उघडत असू, लाइन जोडून सगळी पत्रे एकदम उतरवून घेत असू, लाइन तोडत असू आणि मग चहा घेत निवांत वाचत असू. उत्तरेही लाइन तोडूनच लिहिली जात. बिल वाचविण्याच्या या सवयीने नकळत पत्रेही वाचविली, कारण ती आपल्या डिस्कवर येऊन पडत. पुढे ब्रॉडबँड आले, इंटरनेट स्वस्त झाले, ब्राउझरमधूनच पत्रे वाचण्याची चाल पडली आणि आपले दप्तर आपल्या कपाटातून दुसऱ्याच्या कोठारात कधी गेले ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

त्या काळच्या पद्धतीला पॉप म्हणतात. पॉप पोस्टमनसारखे काम करते: पत्र आणून आपल्या हाती देते आणि सांगितले नसेल तर मूळ सर्व्हरवर काही शिल्लक ठेवत नाही. दुसरी पद्धत आयमॅपची. तीत मूळ पत्र सर्व्हरवरच राहते आणि आपल्या संगणकावर, मोबाइलवर, महाविद्यालयातील यंत्रावर त्याची केवळ प्रतिमा दिसते. एका ठिकाणी वाचलेले पत्र सर्वत्र वाचलेले दिसते, ही मोठीच सोय. परंतु एका ठिकाणी पुसलेले सर्वत्र पुसले जाते, ही त्याच सोयीची दुसरी बाजू. आज विद्यापीठांची खाती प्रायः आयमॅपने जोडली जातात आणि जोडावीतही तशीच. मात्र आयमॅपने जोडले म्हणजे पत्रे आपली झाली हा समज चुकीचा आहे. आरशात दिसणारे धन तिजोरीत नसते.

प्रत्यक्ष जोडणीविषयी आता लिहितो, कारण आपले कितीतरी सभासद येथेच अडतात. जुन्या माहितीपत्रकांत सर्व्हरचे नाव, पोर्ट ९९३, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड एवढे भरा म्हणजे झाले, असे लिहिलेले असते. तसे भरले की "पासवर्ड चुकीचा आहे" असा संदेश येतो. माणूस पासवर्ड तीनदा बदलतो, चौथ्यांदा खाते कुलूपबंद होते आणि मग "आपल्याला हे जमायचे नाही" म्हणून नाद सोडून देतो. दोष पासवर्डचा नसतो. नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामला आत घेण्याची पद्धतच बंद झाली आहे. मायक्रोसॉफ्टने संस्थांच्या पॉप व आयमॅप जोडण्यांसाठी ती ऑक्टोबर २०२२ पासून बंद करण्यास सुरुवात केली. गूगलने खासगी खात्यांसाठी मे २०२२ अखेर आणि संस्थांच्या खात्यांसाठी २०२५ मध्ये बंद केली. बहुतेक विद्यापीठांची खाती वरून विद्यापीठाच्या नावाची असली तरी आतून या दोहोंपैकी एका कंपनीची असतात, म्हणून हा बदल आपणांस लागू पडतो.

आता प्रमाणीकरणाच्या रकान्यात ओऑथ२ हा पर्याय निवडावा लागतो. तो निवडला की एक छोटी खिडकी उघडते. ती विद्यापीठाच्या नेहमीच्या प्रवेशपानाचीच असते. पासवर्ड तेथे द्यावयाचा, मोबाइलवर आलेला संकेतांक द्यावयाचा आणि थंडरबर्डला पत्रे पाहण्याची अनुमती द्यावयाची. प्रोग्रामला आपला पासवर्ड कळत नाही, केवळ परवाना मिळतो. औषधालयाची किल्ली नोकराच्या हाती न देता त्याला ओळखपत्र द्यावे, तसे हे आहे. ओळखपत्र केव्हाही रद्द करता येते. पद्धत पूर्वीपेक्षा चांगली आहे, यात शंका नाही.

काही संस्थांमध्ये या टप्प्यावर "प्रशासकाची मंजुरी आवश्यक" असा संदेश येतो, तर काहींनी आयमॅप मुळातच बंद ठेवलेले असते. अशा वेळी संगणक विभागास लेखी विनंती करावी. तोंडी विचारले तर "ब्राउझरमधून बघा ना सर" असे उत्तर मिळते. लेखी विचारले की फाइल तयार होते आणि फाइलला उत्तर द्यावे लागते. खाते गूगलचे असून संस्थेने अटकाव केलेला नसेल तर टेकआउट या सोयीने सर्व पत्रे एका गठ्ठ्यात उतरवून घेता येतात. तो गठ्ठा एमबॉक्स या जुन्या, साध्या स्वरूपात मिळतो आणि कोणत्याही एका कंपनीवर अवलंबून नसतो.

जोडणी झाल्यावर खरे काम सुरू होते. थंडरबर्डच्या डाव्या बाजूस खात्याच्या खाली लोकल फोल्डर्स असे एक शीर्षक दिसते. आपल्या मालकीची जागा तीच. तेथे २०१९, २०२०, २०२१ अशी वर्षवार फोल्डर्स करावीत आणि खात्यातील पत्रांच्या प्रती तेथे कराव्यात. पत्रे हलवू नयेत, प्रत करावी. एकदम दहा हजार पत्रे ओढली की मध्येच काही सुटतात, म्हणून एकेका वर्षाचे काम करून दोन्हीकडची संख्या ताडून पाहावी. आणि पाठविलेल्या पत्रांचे फोल्डर विसरू नये. माझ्याकडे गुरुजींचे प्रश्न आहेत, परंतु पहिल्या दोन वर्षांतील माझी उत्तरे नाहीत, कारण पाठविलेल्या पत्रांची जोडणी मी नीट केली नव्हती. प्रश्न वाचतो तेव्हा आपण काय उत्तर दिले होते ते आठवत बसावे लागते.

संगणकावर चालणारा प्रत्येक प्रोग्राम पत्रे संगणकावर ठेवतोच असेही नाही. विंडोजबरोबर येणारा मेल हा प्रोग्राम डिसेंबर २०२४ अखेर बंद झाला आणि त्याच्या जागी नवा आउटलुक आला. त्यात अन्य कंपनीचे खाते जोडले तर ती पत्रे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही ठेवली जातात. जोडताना तशी सूचना येते. आपण न वाचताच पुढे जातो. रुग्णाचे वृत्त असलेले पत्र आपल्या दवाखान्यातून निघून तिसऱ्याच कोठारात जाणे मला मान्य नाही. ज्यांना असेल त्यांनी निदान सूचना वाचून मान्य करावे.

जुनी मराठी पत्रे ज्यांच्याकडे आहेत त्यांना आणखी एक अडचण येते. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण श्रीलिपी किंवा तत्सम फॉन्टमध्ये टंकलेखन करीत असू. तो फॉन्ट नव्या संगणकावर नसेल तर पत्र म्हणजे रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसते. कोणते चिन्ह म्हणजे "पिप्पली" आणि कोणते "मासा" हे ताडणे अशक्य होते, आणि मात्रेच्या बाबतीत अंदाज चालत नाही. अशा पत्रांसोबत तो फॉन्टही त्याच फोल्डरमध्ये जपून ठेवावा आणि सवड काढून महत्त्वाची पत्रे युनिकोडमध्ये उतरवून घ्यावीत. माझे ते काम तीन वर्षांनंतरही अर्ध्यावर आहे.

हा केवळ गुरुशिष्यांच्या पत्रांचा विषय आहे असे औषधालयांच्या मालकांनी समजू नये. महाविद्यालयाबरोबर एखाद्या कल्पाचा अभ्यास हाती घेतलेला असतो, कच्च्या द्रव्यांचे परीक्षण-अहवाल प्रकल्पातील प्राध्यापकाच्या विद्यापीठीय पत्त्यावर येतात, आणि प्राध्यापक दुसरीकडे गेले की अहवाल कोठे होते हे कोणालाच सांगता येत नाही. शेड्यूल टी नुसार बॅचच्या नोंदी ठेवणे औषधनिर्मात्यावर बंधनकारक आहे. "पत्र सरांच्या मेलवर होते" हे उत्तर निरीक्षक ऐकून घेणार नाही. ई-औषधी पोर्टलवरील परवान्याचे काम ज्या पत्त्यावरून चालते तो पत्ताही कोणा एका अध्यापकाच्या नोकरीवर अवलंबून असू नये.

संशोधन करणाऱ्यांची स्थिती अधिक बिकट आहे. मनुष्यावरील चिकित्साप्रयोगांची नोंद भारतात २००९ पासून सीटीआरआयमध्ये प्रयोग सुरू होण्यापूर्वी करावी लागते. ती बहुधा विद्यापीठाच्या पत्त्यावरून केली जाते. पुढे पासवर्ड विसरला तर नव्या पासवर्डचा दुवा त्याच मृत पत्त्यावर जातो. प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाखाली छापलेला संपर्काचा पत्ताही तोच. देशातला किंवा परदेशातला एखादा अभ्यासक काही विचारू इच्छितो, त्याचे पत्र परत जाते आणि लेखक हयात असून भेटत नाही. याकरिता नोंदणीच्या प्रत्येक जागी दुसरा, स्वतःचा पत्ता जोडून ठेवावा. ओर्किडमध्ये एकाहून अधिक पत्ते ठेवता येतात, त्या सोयीचा लाभ घ्यावा.

या सर्वांवर एक आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. विद्यापीठाचा सर्व्हर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली असतो. आमच्या दवाखान्यातील संगणकावर कंपाउंडर देयके करतो, सायंकाळी त्याचा मुलगा गाणी लावतो आणि रात्री दाराला साधे कुलूप असते. रुग्णांचे वृत्त तेथे आणून ठेवणे शहाणपणाचे आहे काय? शिवाय संस्थेचा काही पत्रव्यवहार गोपनीय असतो, परीक्षाविषयक असतो. त्याची प्रत घरी नेण्याचा आपणांस अधिकार नाही. हे मला मान्य आहे. परीक्षेची व कार्यालयीन पत्रे मी कधीही उतरवून घेतली नाहीत, इतरांनीही घेऊ नयेत. जी पत्रे वैद्य म्हणून, शिष्य म्हणून, संशोधक म्हणून आपली आहेत तेवढीच घ्यावीत. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, तेव्हा रुग्णाचे नाव आणि व्याधी यांची जबाबदारी आता केवळ शीलाची राहिलेली नाही. पत्रे ठेवावयाच्या संगणकावर स्वतंत्र लॉगिन करावे, विंडोजमधील बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद करावी आणि त्याची पुनर्प्राप्तीची किल्ली कागदावर लिहून घरी ठेवावी. ती हरवली तर आपलीच पत्रे आपल्याला मिळणार नाहीत.

कागदाचेच दप्तर बरे असे म्हणणारे ज्येष्ठ आपल्यात आहेत. त्यांना २६ जुलै २००५ ची आठवण द्यावीशी वाटते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी परळ-हिंदमाता भागात तळमजल्यावरील दवाखान्यांचे काय झाले ते दादरपासून लालबागपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. रुग्णपत्रिकांचे गठ्ठे नंतर उन्हात वाळत घातलेले मी स्वतः पाहिले आहेत; शाई उरली नव्हती. सर्व्हरवर एक प्रत, दवाखान्यात एक, आणि थंडरबर्ड बंद करून त्याचे प्रोफाइल फोल्डर ज्या बाह्य डिस्कवर उतरविले ती घरी, शक्यतो वरच्या मजल्यावर. महिन्यातून एक अमावास्या या कामास लावून घेतली तर विसर पडत नाही. निदान मला पडत नाही.

संस्थांनाही त्यांच्या वाट्याचे सांगितले पाहिजे. गूगलने शैक्षणिक संस्थांना दिलेली अमर्याद साठवण २०२२ मध्ये आवरती घेतली आणि संपूर्ण संस्थेस मिळून १०० टेराबाइटची मर्यादा घातली, तेव्हा जगभरच्या अनेक विद्यापीठांना जुन्या खात्यांचा भार जाणवू लागला. खाती बंद करावी लागतात हे मी समजू शकतो. परंतु ग्रंथालयाचे पुस्तक परत करण्यासाठीसुद्धा आपण विद्यार्थ्यास स्मरणपत्र पाठवितो. खाते देतानाच ते केव्हा बंद होईल हे लेखी कळवावे, बंद करण्यापूर्वी किमान नव्वद दिवसांची सूचना द्यावी, आणि त्यानंतर काही काळ त्या पत्त्यावर येणारी पत्रे नव्या पत्त्याकडे वळती करावीत, एवढी मागणी अवाजवी नाही. आपल्या संघटनेने आयुर्वेद महाविद्यालयांकडे आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे या आशयाचे निवेदन द्यावे, असे मी कार्यकारिणीस सुचवितो. मसुदा करून देण्याची माझी तयारी आहे.

शेवटी एक वैयक्तिक विनंती, तीबद्दल संपादकांनी क्षमा करावी. गुरुजी कोण, हे आमच्या काळच्या सहाध्यायांना सांगावयास नको. एकाच पत्राच्या प्रती ते अनेकदा दोघातिघांना पाठवीत. जानेवारी ते एप्रिल २०२२ या काळात त्यांची पत्रे ज्यांना आली असतील, विशेषतः संधिगत व्याधींवरील, त्यांनी ती या त्रैमासिकाच्या कार्यालयाकडे माझ्या नावे पाठवावीत. मोबाइलवर असतील तर पुढे पाठविली तरी चालतील. छापील प्रत असेल तर मी स्वतः येऊन छायाप्रत करून घेईन.